थंडी गेली हे तुम्हाला कशावरून कळतं?

वाईकरीण | २७ जानेवारी

परवा रथसप्तमी झाली. गॅलरीत गोवरीचे चार तुकडे पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवलं, उतू जाऊ दिलं, आणि संक्रांतीची हळदीकुंकवं संपली म्हणून डबे ठेवायला माळ्यावर चढले. तिथे आईची जुनी कॅलेंडरं सापडली, आमच्या वाईच्या घरातली. आई कॅलेंडर कधी टाकून द्यायची नाही. वर्ष संपलं की गुंडाळी करून सुतळीने बांधून ठेवायची. तारखांच्या चौकोनात तिच्या बारीक अक्षरात दुधाचा हिशेब, सिलिंडर कधी लावला, धुणंवाल्या बाईंचे खाडे. आणि दर वर्षी फेब्रुवारीत, नाहीतर मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका चौकोनात दोनच शब्द: 'तेल सुटलं.'

पहिली दोन-तीन कॅलेंडरं बघेपर्यंत मला उलगडा होईना. मग आठवलं. न्हाणीघराच्या कोनाड्यात खोबरेलची बाटली असायची. दिवाळीच्या अभ्यंगाच्या सुमाराला ती गोठायला लागायची आणि मग सगळा हिवाळा तिच्यामागे धावपळ. सकाळी गरम पाण्याच्या तपेलीत उभी करा, दुपारी पायरीवर उन्हात ठेवा, शाळेची घाई असेल तर बोट घालून कोरा. ज्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर, ऊन न दाखवता, बाटली तिरपी केली की तेल आपण होऊन हातावर येईल, तो आईच्या लेखी थंडीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी ती गोधड्या धुवायला काढायची. कृष्णेच्या घाटावर वाळत घातलेल्या गोधड्यांचा ओला, जड वास आत्ता लिहितानाही नाकात आहे.

खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गोठतं, हे शास्त्र आईला कुणी सांगितलं नव्हतं.

तर मला विचारायचंय, तुमच्या घरी, गावात थंडी गेली हे कशावरून कळतं? टीव्हीवरच्या आकड्यावरून नको. घरातलं, हाताशी असलेलं सांगा.

गुळभेंडी | २७ जानेवारी

बार्शीकडचा आहे. आमच्याकडे उत्तर एकच, हुरडा निबर झाला की थंडी गेली.

ज्वारीचा दाणा आधी दुधाळ असतो, मग हुरड्यात येतो आणि मग निबर होतो. मधली अवस्था एका रानात जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. पेरण्या मागेपुढे असतात म्हणून हुरडा दोन महिने खाता येतो, एवढंच. आगटी पेटवायची, गोवऱ्यांचा लालभडक आर झाला की त्यात कणसं खुपसायची, आणि भाजलेलं कणीस चटके सोसत तळहातावर चोळायचं. चोळणारा माणूस घरात एकच असतो, बाकीचे खाणारे. आमच्यात ते काम थोरल्या चुलत्यांचं. त्यांचे तळवे असे झालेत की विस्तवावरचं भांडं ते फडक्याशिवाय उचलतात. गरम हुरडा, लसणाची चटणी, दह्याचं वाडगं, गुळाचा खडा. सोबत बोरं.

या रविवारी शेवटचा हुरडा झाला. चुलत्यांनी एक कणीस चोळलं, दाणा दाताखाली घेतला आणि म्हणाले, "निबर झालं. आता भाकरीच." पंधरा-वीस दिवसांत काढणी लागेल. थंडी संपते तिथे आमची सुगी सुरू होते.

विरजण | २८ जानेवारी

वाईकरीण, तुझ्या आईंच्या कॅलेंडरांबद्दल वाचून फार बरं वाटलं गं. ती टाकू नकोस.

माझं वय बहात्तर. माझी खूण दह्याची. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊला विरजण लावलं तर सकाळी आठलासुद्धा दूध हलतंच. मग ते भांडं पिठाच्या डब्यात बसव, टॉवेलात गुंडाळ, विरजणाचा चमचा थोडा मोठा घे. विरजणातले जंतू थंडीत आळसावतात, त्यांना ऊब लागते. फेब्रुवारीत कधीतरी एक दिवस येतो की टॉवेल न गुंडाळता दही सुरीने कापावं असं लागतं. त्यानंतर पंधरा दिवसांत उलटी काळजी सुरू, की सकाळपर्यंत आंबट व्हायला नको.

मधले ते पंधरा दिवस दही सर्वांत गोड असतं. त्या दिवसांत मी श्रीखंडाचा चक्का बांधते. पाडव्याची वाट बघत नाही.

टेकडीवरचा | २८ जानेवारी

पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी जातो. माझी खूण काटेसावर. आधी पानं गाळून उघडी होते, मग त्या काटेरी फांद्यांवर तळहाताएवढी लाल, जाड पाकळ्यांची फुलं येतात. फूल पेल्यासारखं वर उघडं असतं आणि तळाशी मध. सकाळी साडेसातला झाडाखाली उभं राहिलं की वर लग्नघरासारखा कालवा. साळुंक्या, बुलबुल, सूर्यपक्षी, कोतवाल, कावळे आणि मधेच एखादी खार. खाली पडलेलं फूल उचलून बघा, देठाकडची बाजू चांगली वजनदार लागते.

काल पहिली चार फुलं उघडली. अजून थंडी आहे, पण झाडाने ठरवलंय.

गुळभेंडी | २९ जानेवारी

टेकडीवरचा, भोरड्या दिसल्या का तुमच्याकडे? आमच्या ज्वारीवर हजारोंनी उतरतात. काळं डोकं, गुलाबी अंग. पोरं गोफण घेऊन माचाणावर बसतात. थवा उठला की उन्हात सावली पडते.

टेकडीवरचा | २९ जानेवारी

त्याच इकडे पळसमैना म्हणून ओळखल्या जातात! मध्य आशियाकडून येतात. थंडीत तुमच्या ज्वारीवर आणि फुलोरा आला की काटेसावर, पांगारा, पळस यांच्या मधावर. एप्रिलपर्यंत परत जातात आणि तिकडे पिल्लांना टोळ, नाकतोडे भरवतात. तुमच्या रानातून कणसं संपली की त्या आमच्या झाडांवर दिसायला लागतात. म्हणजे काही दिवसांपूर्वी तुमच्या चुलत्यांनी गोफण मारलेला थवा मी टेकडीवर दुर्बिणीतून कौतुकाने बघत असेन.

गुळभेंडी | २९ जानेवारी

चुलत्यांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "लांबून येतात बिचाऱ्या."

कलमवाला | २ फेब्रुवारी

रत्नागिरी तालुका. सगळे थंडी जाण्याच्या आठवणींनी हळवे झालेत, पण आम्हा आंबेवाल्यांसाठी हा जीव टांगणीला लागण्याचा काळ आहे. तेही इथे लिहायला हवं.

हापूसला मोहोर यायला थंडी लागते. पण मोहोरातून कणी धरली, की थंडीने वेळेवर निघून जावं लागतं. ती रेंगाळली तर त्याच फांदीला पुन्हा मोहोर फुटतो, पुनर्मोहोर म्हणतात त्याला. झाड सगळी ताकद नव्या मोहोराला देतं आणि आधी धरलेली वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं पिवळी पडून गळतात. सकाळी कलमाखाली गेलं की पायाखाली कैऱ्यांचा सडा. उलट, एकदम ऊन तापलं तरी गळ. आभाळ आलं की तुडतुडा आणि भुरी. म्हणून आम्ही रोज पहाटे अंगणात येऊन हवा अंगावर घेतो आणि मग दिवसाचं ठरवतो.

तरीही वाईकरीण यांच्या प्रश्नाचं उत्तर आहे माझ्याकडे. मोहोराचा वास. कडाक्याच्या थंडीत मोहोर असतो पण वास दबलेला असतो. ज्या दिवशी दहा-अकराच्या उन्हात तो गोडसर, किंचित उग्र वास घराच्या पडवीपर्यंत येतो आणि त्याबरोबर मधमाश्यांचा आवाज येतो, तेव्हा समजायचं. यंदा अजून पडवीपर्यंत आलेला नाही. विहिरीपर्यंत आलाय.

आणि खोबरेलबद्दल: आमच्या किनाऱ्याला ते जेमतेम दुधाळ होतं, दगड होत नाही. तुमच्या आईंची खूण इथे चालली नसती.

संत्र्याची_फोड | ३ फेब्रुवारी

नागपूरला या मग. आमच्याकडे डिसेंबरात खोबरेल चमच्याच्या दांड्याने कोरावं लागते.

सध्या घरात मृग बहाराची संत्री यायला लागलीत. दिवाळीच्या आगेमागे येतो तो आंबिया बहार, आणि पावसाळ्याच्या तोंडी फुललेली झाडं आत्ता फेब्रुवारी-मार्चात उतरतात. मला विचाराल तर ही जास्त गोड. दुपारी गच्चीवर चटई टाकून, पाठ उन्हाला देऊन, चार बायका बसतो. एक तुरीच्या शेंगा सोलते, दुसरी संत्री. सोलेभाजी रात्रीची. उन्हाकडे पाठ केली की छान वाटते आणि तोंड केलं की नकोसं होते, हे दिवस वर्षात थोडेच. चटई उन्हातून सावलीत सरकवावी वाटली की थंडी गेली. ही माझी खूण. आज अजून उन्हातच आहे.

पंचांगी | ५ फेब्रुवारी

चर्चा सुरेख चालली आहे. एक गोष्ट मांडतो. आपण शाळेत पाठ केलं, चैत्र-वैशाख वसंत आणि माघ-फाल्गुन शिशिर. मग वसंतपंचमी माघात कशी? आणि फाल्गुनात पळस का फुलतो?

सूर्याच्या हिशेबाने बघितलं तर गुंता सुटतो. सायन गणिताप्रमाणे सूर्य मीन राशीत गेला की वसंत ऋतू सुरू, तो दिवस १८-१९ फेब्रुवारीच्या आसपास येतो. पंचांगात त्या दिवसाशी 'वसंत ऋतू प्रारंभ' असं छापलेलं असतं, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेली आपली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. तिच्यातही फाल्गुन आणि चैत्र हे वसंताचे महिने धरले आहेत. म्हणजे टेकडीवरच्या काटेसावरीचं आणि समितीचं गणित जुळतं. शाळेतलं पाठांतर मागे राहिलं.

विरजण | ५ फेब्रुवारी

पंचांगी, हे मला बहात्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आत्ताच भिंतीवर जाऊन बघून आले. छापलंय खरं.

लोकलमधून | ११ फेब्रुवारी

मुंबईत थंडी येते कधी आणि जाते कधी, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मी पहाटेची पाच अठ्ठावीस पकडते. दिवाळीनंतर लोकलच्या डब्यातल्या खिडक्या एकेक करून खाली ओढल्या जातात. दारात उभं राहणाऱ्या बायका ओढणी कानाला गुंडाळतात, भाजीवाल्या मावशी घोंगडीचा तुकडा घेऊन बसतात. आणि मग एक दिवस कुणीतरी पहिली खिडकी वर करतं. "लाव गं, गार लागतंय" असं कुणीच म्हणत नाही.

ती खिडकी आज सकाळी वर गेली. आमच्या डब्यापुरती मुंबईची थंडी ११ फेब्रुवारीला गेली, नोंद घ्या.

दुसरं म्हणजे अलिबागकडच्या मैत्रिणीने शेवटच्या पोपटीला बोलावलं होतं. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, कांदे, बटाटे, अंडी, मीठ-ओवा, वरून परत पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगा पिवळ्या पडायला लागल्या की वर्षभर पोपटी नाही. मडकं फोडल्यावर येणारा भांबुर्ड्याचा वास केसात दोन दिवस राहतो. मी मुद्दाम न्हाले नाही.

वाईकरीण | १६ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र झाली. थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असं आजी म्हणायची. पुण्यात सकाळी अजून शाल लागते आणि दुपारी पंखा. एकाच दिवसात बारा अंश आणि बत्तीस अंश. बाटली आज सकाळी वरून पातळ, तळाशी पांढरी. मधे बोटभर धुकं.

कवठ आणलं होतं. फोडून गर काढला, गूळ, जिरं, तिखट, मीठ घालून चटणी वाटली. कवठ पिकलंय की नाही हे बघायला आई ते जमिनीवर टाकायची. उसळलं तर कच्चं, धप्प बसलं तर पिकलेलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, काय पडलं?

सत्तरी | १८ फेब्रुवारी

गोव्यातून, वाळपईजवळून. आमच्याकडे बोंडू सांगतो. काजूची पहिली लाल-पिवळी बोंडं जमिनीवर पडायला लागली, वाऱ्यावर तो आंबूस गोड वास आला, की थंडी गेली. बी वेगळी करायची, बोंडं मळायची. शेवटी मळलेल्या गोळ्यातून आपसूक निथळतो तो नीरो. सकाळी सकाळी पेलाभर प्यावा, दुपारपर्यंत तो दुसराच पदार्थ होतो. पुढे हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे दिवस.

पण मला स्वतःला ओले काजूगर जास्त आवडतात. कोवळ्या हिरव्या बिया मधून चिरून गर काढायचा. चीक कातडी जाळतो, म्हणून हाताला आधी भरपूर खोबरेल चोळावं लागतं. वाईकरीण, तुमची बाटली इथेही कामाला आली.

कलमवाला | १९ फेब्रुवारी

मोहोराचा वास आज पडवीत आला. पंचांगी यांनी सांगितलेलीच तारीख, मी मुद्दाम जुळवलेली नाही. पहिल्या मोहोराची फळं सुपारीएवढी आहेत. गळ आहे, पण घाबरण्यासारखी नाही.

सत्तरी म्हणतात ते खरं. काजूगरांची उसळ, भरपूर ओलं खोबरं घालून, गरम भाताबरोबर. दुसरं काही वाढू नये त्या दिवशी.

संत्र्याची_फोड | २३ फेब्रुवारी

चटई सरकली.

काल रामटेकच्या रस्त्याने गेलो होतो. पळस पेटलाय. पान एक नाही आणि झाड नुसतं केशरी. मुलाने गाडी थांबवली, खाली पडलेली फुलं आम्ही दोन पिशव्या भरून आणली. झाडावरची तोडली नाहीत. सावलीत वाळत घातलीत. धुळवडीच्या आदल्या रात्री पाण्यात उकळायची, त्यात चिमूटभर चुना टाकला की पिवळसर पाणी एकदम गडद केशरी होते. सकाळी गाळून घ्यायचं. लहानपणी आजोबा हाच रंग करत. कपड्यावर बसतो, पण कातडीला त्रास नाही, आणि डोळ्यांत गेला तर रडारड नाही.

राजवाडा | २४ फेब्रुवारी

इंदूरहून. आमच्या चार पिढ्या इथेच. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू या कंदाचे तवे कमी व्हायला लागले की आम्ही समजतो. तळलेला गराडू, त्यावर मसाला आणि लिंबू, ही थंडीचीच गोष्ट. रंग म्हणाल तर आमच्याकडे खरा दिवस रंगपंचमीचा. धुळवडीपेक्षा मोठा. राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, पाण्याच्या तोफांसारखे फवारे तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत रंग उडवतात. होळकरांच्या वेळची प्रथा मानतात. मराठी घरातल्या आज्याही त्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवतात.

गुळभेंडी | २५ फेब्रुवारी

रंगपंचमीवरून सांगतो. पंढरपुरात वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत विठोबाला पांढरा पोशाख असतो आणि त्यावर गुलाल उधळतात. या दिवसांत एकदा दर्शनाला जा. काळी मूर्ती, पांढरं वस्त्र, त्यावर गुलाबी शिंतोडे. आमच्या घरून दर साली काढणी उरकली की जातात. परवा जाऊन आलो. नव्या ज्वारीची पहिली भाकरी घरी झाली तीही परवाच. मालदांडीच आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आमची तिची शेजारीण. नवी भाकरी पांढरीशुभ्र फुगते आणि तिला गोड वास येतो. पहिली गाईला, दुसरी चुलत्यांना.

खळ्याच्या कडेला थोडी कणसं यंदा राखून ठेवलीत. चुलते म्हणाले, "भोरड्यांना वाटंत खायला."

टेकडीवरचा | २५ फेब्रुवारी

त्यांना माझा नमस्कार सांगा.

आज टेकडीवर सुमारे दोनशे पळसमैना होत्या. काटेसावरीचा बहर ओसरतोय, पांगारा भरात आहे. गिरिपुष्पाच्या काड्यांवर फिकट गुलाबी तुरे आलेत. तांबट सकाळी साडेसहापासून टुक टुक सुरू करतो, लोहाराच्या हातोडीसारखं. आणि दयाळ गायला लागलाय. थंडीभर तो नुसता चिरचिरत होता, आता विजेच्या खांबाच्या टोकावर बसून अर्धा अर्धा तास गातो.

लोकलमधून | ३ मार्च

होळी जळाली, थंडी पळाली. चाळीत काल रात्री पुरणाचा नैवेद्य दाखवला. विस्तवाजवळ उभं राहवत नव्हतं, लोक मागे सरत होते. महिन्यापूर्वी पोपटीच्या जाळाजवळ आम्ही पुढे सरत होतो.

कलमवाला | ५ मार्च

शिमगा चालू आहे, पालखी परवा आमच्या दारी आली होती. मुंबईचे भाऊ, पुतणे सगळे जमलेत, पडवीत झोपायला जागा नाही. सगळ्यांनी एकदम कलमांखाली जाऊन वर बघितलं. यंदा बरं आहे म्हणाले. मी अजून म्हणत नाही.

वाईकरीण | ८ मार्च

आज रंगपंचमी. संत्र्याची_फोड यांच्या कृतीने थोडा पळस केला होता, चुना घातल्यावर रंग फिरला तो क्षण मुलीने तीनदा करायला लावला.

सकाळी न्हायच्या आधी बाटली घेतली. ऊन दाखवलं नव्हतं, तपेलीत ठेवली नव्हती. तिरपी केली आणि तेल सरळ तळहातावर आलं. तळाशी पांढरं काही नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात सिलिंडरची तारीख होती, तिच्या खाली लिहिलं: 'तेल सुटलं.' गोधड्या भिजत घातल्यात. इथे नदी नाही, बाथरूममध्येच पायाने तुडवतेय, मुलगी आणि मी.

विरजण | ८ मार्च

किती वाजता सुटलं गं?

वाईकरीण | ८ मार्च

पावणेसातला, काकू.